नजर पोचेल तेवढीच गाडी: नॉर्थ यॉर्क मूर्समधला एक दिवस

प्रश्न पुण्याहून आलाय. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन इंग्लंडात लीड्सला बहिणीकडे येणार, हाताशी एक मोकळा दिवस, गाडी भाड्याची. जांभळ्या माळरानांतून (इथं त्यांना मूर म्हणतात) जाणाऱ्या रस्त्याचे फोटो पाहिलेत, तो रस्ता नेमका कोणता? ताम्हिणी आणि वरंधा चालवलेत, पण इथले रस्ते अरुंद आहेत असं ऐकलंय. आणि ६० मैलांची मर्यादा म्हणजे तेवढ्या वेगानं जावंच लागतं का?

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे सल्ला कितपत घ्यायचा ते तुम्हाला ठरवता येईल. मी साताऱ्याची. वडील एसटीत ड्रायव्हर होते. गेली सोळा वर्षं मी यॉर्कशायरमध्ये लोकांना गाडी चालवायला शिकवते. त्यात आपल्याकडून आलेले, घाटात पंधरा-वीस वर्षं गाडी हाकलेले बरेच असतात. त्यांची माळावर एकच चूक होते. घाटात वळण दिसलं की ते आपोआप सावध होतात. माळावरचा रस्ता सरळ आणि मोकळा दिसतो, की पाय सैल सुटतो.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. पांढऱ्या गोलावर तिरपी काळी पट्टी असलेली पाटी दिसेल. एकेरी पदराच्या रस्त्यावर तिचा अर्थ ताशी ६० मैल, म्हणजे ९६-९७ किलोमीटर. ही वरची मर्यादा झाली. तेवढ्यानं जा असा तिचा अर्थ नाही. जिथं दोन गाड्या शेजारून जाऊ शकत नाहीत अशा बोळातही हीच पाटी असते, कारण प्रत्येक वळणावर वेगळी पाटी कोण लावणार? ६०च्या वेगात धोका दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत ७३ मीटर लागतात, ४०ला ३६, ३०ला २३. इथल्या नियमपुस्तकातले हे आकडे कोरड्या रस्त्याचे आहेत. आमचे बाबा हेच आकड्यांशिवाय सांगायचे: "नजरेच्या पुढं गाडी न्यायची नाही." जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. आणि एकाच गाडीपुरता रस्ता असेल तर त्याच्या निम्म्यात, कारण समोरच्यालाही थांबायला त्याचा निम्मा लागतो. माझ्या शिकवणीतला अर्धा वेळ याच एका वाक्यावर जातो. मागचे हॉर्न देतात का? सहसा नाही. कुणी चिकटून आलाच तर डावीकडे जागा बघून त्याला जाऊ द्या. तो इथला असतो, त्याला कामावर पोचायचं असतं, तुम्हाला नसतं.

आता रस्ता. तुमच्या फोटोतला बहुधा ब्लेकी रिज. हटन-ले-होल या गावाहून उत्तरेला कॅसलटनपर्यंत जाणारी, साधारण बारा मैलांची डोंगराची सोंड आहे ती. रस्ता सोंडेच्या माथ्यावरूनच जातो. डावीकडे फार्नडेल, उजवीकडे रोझडेल. डेल म्हणजे खोरं. दोन्ही बाजूंना जमीन खाली उतरत जाते आणि तुम्ही आभाळाच्या काठाकाठानं चालल्यासारखे जाता. मूर्समध्ये गाडी नेण्याची माझी साधी पद्धत अशी: पल्ला सोंडेवरून मारायचा, खोऱ्यात फक्त चहा-जेवणाला उतरायचं. नकाशावरची ॲप्स मात्र चार मिनिटं वाचवायला तुम्हाला खोऱ्यातल्या गडग्यांमधल्या गल्ल्यांत घालतात. (इथल्या शेतांचे बांध चुन्याशिवाय रचलेल्या दगडांचे असतात. कोकणात ज्याला गडगा म्हणतात, अगदी तसे. आरसा घासला की आवाज मात्र कोकणापेक्षा महागडा येतो.)

फेरी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे करा. लीड्सहून यॉर्क, माल्टन, पिकरिंग. तिथून ए-१७० वर पश्चिमेला वळून हटन-ले-होल. ब्लेकी रिजवरून कॅसलटन, डॅन्बी. मग ए-१७१ नं समुद्रकाठचं व्हिटबी. आणि परत येताना ए-१६९ नं गोथलंड, होल ऑफ हॉर्कम, पिकरिंग. पिकरिंगपासून पिकरिंगपर्यंत साठ मैलांच्या आत बसतं. ॲप दोन तास म्हणेल. तुम्ही दिवस काढून ठेवा. सकाळी आठला लीड्स सोडलंत तर संध्याकाळी सातपर्यंत रमतगमत होतं, आणि ऑगस्टात आठपर्यंत उजेड असतो. उलट बाजूनं का नको, ते पुढं ए-१६९ वर पोचलो की सांगते.

पिकरिंगला टाकी भरून घ्या. पुढं व्हिटबीपर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नका, नेटवर्कच्या तर मुळीच नाही. खोऱ्यात उतरलात की फोन मुका होतो. रस्ता आधीच डाउनलोड करून ठेवा किंवा सरळ कागदी नकाशा घ्या. ऑर्डनन्स सर्व्हेचे ओएल २६ आणि ओएल २७ हे दोन नकाशे मिळून अख्ख्या मूर्सचे आहेत, पश्चिम आणि पूर्व. वडिलांच्या हातात नकाशा दिलात तर त्यांचा दिवस चांगला जाईल, हे अनुभवानं सांगते.

हटन-ले-होल दहा मिनिटांत बघून होतं. मधून ओढा, दोन्ही काठांना हिरवळ, हिरवळीवर मेंढ्या. मेंढ्यांशी ओळख इथंच करून घ्या, कारण गाव सुटल्यावर कुंपण संपतं. रस्त्यात आडव्या लोखंडी नळ्या बसवलेली जाळी लागेल, तिला कॅटल ग्रिड म्हणतात. गाडी तिच्यावरून खडखडत जाते, जनावराचा खूर मात्र अडकतो म्हणून ते ओलांडत नाही. तो खडखडाट झाला की समजायचं, आता आपण त्यांच्या अंगणात शिरलो. काळं तोंड, नाकाभोवती पांढरं, शिंगं वळलेली: ही स्वेलडेल जातीची मेंढी. लोकरीवर लाल-निळा पट्टा दिसेल, ती मालकाची खूण. उघड्या माळावर या मेंढ्या हरवत नाहीत, कारण आपली हद्द कोकरू आईकडून शिकतं आणि पुढं आपल्या कोकराला शिकवतं. इथले लोक त्याला हेफ्टिंग म्हणतात. त्यामुळे कळप विकला जातो तेव्हा बरेचदा तो माळासकटच विकावा लागतो.

गाडीवाल्यानं लक्षात ठेवायचं ते इतकंच. मेंढी रस्त्याच्या एका कडेला आणि कोकरू दुसऱ्या कडेला असेल, तर कोकरू तुमच्या पुढून धावणार असंच धरून चाला. मोठी झालेली कोकरंही ऑगस्टात हे करतात. संध्याकाळी डांबर ऊबदार असतं, म्हणून त्या रस्त्यावर बसतात, कधी नेमक्या चढाच्या पलीकडे. हॉर्न देऊ नका. एखादी बिचकून उलट गाडीखालीच येते. काच खाली करा, सावकाश पुढं सरका, त्या उठतात. आणि न होवो, पण धडक बसलीच तर थांबणं कायद्यानं बंधनकारक आहे. १९८८च्या वाहतूक कायद्यात मेंढी, कुत्रा, घोडा, गाय-बैल, डुक्कर, बकरी, गाढव आणि खेचर यांची नावं आहेत. मांजराचं नाही, ते का, ते मला अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. मालक सापडला नाही तर २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचं.

गावाबाहेर चढ संपला की जांभळं सुरू होतं. हे सगळं हेदर. गुडघ्याच्याही खाली राहणारं, काटक, बारीक पानांचं झुडूप. नीट पाहिलंत तर दोन-तीन प्रकार दिसतील. गडद किरमिजी घंटांसारखं बेल हेदर जुलैतच फुलतं; ओलसर खड्ड्यात फिकट गुलाबी क्रॉस-लीव्ह्ड हीथ; आणि माळच्या माळ रंगवून टाकतं ते लिंग, ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. तुमची तारीख अचूक आहे. उन्हाळा फारच कोरडा गेला तर रंग फिका पडतो, त्याला इलाज नाही. कासचं पठार पाहिलेल्यांना मी आधीच सांगून ठेवते: कासला वाकून बघावं लागतं, इथं मान वर करून. एकेक फूल भाताच्या दाण्याएवढं आहे. जे काही आहे ते पसाऱ्यात आहे. मध मात्र या फुलांचा घ्या, दाट आणि थोडा कडसर. वाटेतल्या गावांतल्या दुकानांत मिळतो.

माळ बघताना एक गोष्ट डोळ्यांत भरेल, ती म्हणजे ठिगळं. इथं गडद, तिथं फिकट, कुठं करपलेलं. लोकांना वाटतं आग लागून गेली. तसं नाही. हिवाळ्यात मूरचे राखणदार ठरावीक पट्टे पाळीपाळीनं जाळतात. कोवळे कोंब ग्राउस पक्ष्याला खायला लागतात आणि जुनं उंच हेदर लपायला. ग्राउसच्या शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला उघडतो आणि १० डिसेंबरला संपतो. त्या पैशावर मूरचा बराच कारभार चालतो. तुमच्या दिवशी कडेला जीपगाड्यांची रांग आणि झेंडे घेतलेली माणसं दिसली तर वेग कमी करा. रानात रिकामं दिसणारं हे सगळं असं राबतं आहे. मुळात माळही माणसानंच केलेला. हजारो वर्षांपूर्वी इथं जंगल होतं. ते तोडलं, चारलं, जाळलं, माती निकस झाली आणि हेदर उरलं. १९५२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, पण आपल्याकडच्या अभयारण्यासारखं नाही. आत गावं, शेतं, पब सगळं आहे. या जाळण्यावरून इथं वाद आहेत, पीट म्हणजे दलदलीतली साठलेली माती जळते म्हणून. मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात, तेव्हा तो विषय इथंच सोडते.

न ठरवता लागणारी आग ही वेगळी गोष्ट. ऑगस्ट २०२५ मध्ये लँगडेल मूर पेटला, तो आठवडेच्या आठवडे जमिनीखालून धुमसत राहिला, आणि दुसऱ्या महायुद्धात तिथं रणगाड्यांचा सराव चालायचा त्या वेळचा दारूगोळा मधूनच फुटत होता. म्हणून कडेच्या हेदरवर गाडी चढवून उभी करू नका. तापलेला सायलेन्सर आणि वाळलेलं गवत यांची गाठ नको. शिवाय वरून कोरडी दिसणारी जागा खाली पाणथळ असते. चाक रुतलं की ट्रॅक्टरवाला शोधत बसाल. खडी टाकलेल्या जागा दर मैल-दीड मैलाला आहेत, तिथंच थांबा. भरपूर वेळा थांबा.

ब्लेकी रिजच्या मध्यावर लायन इन लागतं, समुद्रसपाटीपासून ४०० मीटर उंचीवरचा जुना दगडी पब. आई-वडिलांसाठी स्वच्छतागृह आणि गरम चहा, दोन्हींची सोय. उंची ऐकून हसू नका. महाबळेश्वर १,३५० मीटरवर आहे, मान्य. पण इथं ४०० मीटरवर ऑगस्टात वाऱ्यानं दार उघडू देत नाही असे दिवस मी पाहिलेत. स्वेटर गाडीच्या डिकीत नको, मांडीवर हवा.

पबच्या जवळच एक सपाट वाट रस्त्याला भेटते आणि दोन्ही खोऱ्यांच्या माथ्याला वळसा घालत जाते. ती रेल्वेची वाट. रोझडेलमध्ये लोखंडाचं खनिज सापडलं आणि १८६१ मध्ये या माळावरून मालगाडी धावू लागली. उत्तरेच्या टोकाला डबे दोरखंडानं उतारावर सोडायचे. १९२९ मध्ये सगळं बंद झालं. रूळ गेले, पण गाडीची वाट म्हणून ती अजूनही एका पातळीत आहे. त्यामुळे ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी चालावं ते इथंच. वीस मिनिटं जाऊन परत या. फार्नडेलच्या बाजूला गेलात तर खोऱ्याचं तळ दिसतं, चौकोनी हिरवी शेतं, आणि कडेला जांभळं जिथं संपतं ती रेघ. शांत उभे राहिलात तर ग्राउस "गो बॅक, गो बॅक" ओरडतो. आमचे बाबा म्हणाले होते, "काय गं, इथली पाखरंसुद्धा व्हिसा विचारतात का?"

आणखी थोडं उत्तरेला तिठ्यावर यंग राल्फ नावाचा उंच दगडी क्रूस उभा आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या बोधचिन्हावर आहे तो हाच. धुक्यात आणि बर्फात वाट सापडावी म्हणून मूरभर असे क्रूस आणि उभे दगड रोवलेले आहेत. तिथून रोझडेलच्या फाट्यावर जेमतेम अर्धा-एक मैल आत गेलात तर फॅट बेटी भेटेल: ठेंगणा, पांढरा रंगवलेला दगड. वाटसरूनं तिच्यापाशी खाऊ ठेवायचा आणि आधीच्यानं ठेवलेला उचलायचा अशी रीत आहे. मी शेंगदाण्याची चिक्की ठेवते. बदल्यात काय मिळेल ते मात्र उघडून नीट बघून खा.

इथं एक मोह होईल. याच फाट्यानं पुढं रोझडेल ॲबी गावात उतरता येतं आणि तिथून चिमनी बँक नावाच्या रस्त्यानं पुन्हा वर. या भागात 'बँक' म्हणजे घाट, पैशाशी संबंध नाही. चिमनी बँकचा चढ काही ठिकाणी ३३ टक्के, म्हणजे तीन फूट पुढं गेलं की एक फूट वर. इंग्लंडमधल्या सर्वांत खड्या रस्त्यांत त्याची गणना होते. आपले घाट लांब असतात पण चढ मवाळ, कारण ते अवजड गाड्यांसाठी आखलेले. इथले रस्ते घोड्यांच्या वाटांवर नुसतं डांबर टाकून केलेले. डोंगराला वळसे घालायची कुणाला सवड नव्हती. मी नवी होते तेव्हा जुन्या गाडीत एकदा हा चढ उलटा उतरले, पाय ब्रेकवर ठेवून. निम्म्यात जळका वास आला. खाली पोचून चाकाजवळ हात नेला तर धग लागत होती. एसटी ड्रायव्हरची मुलगी, आणि ही अक्कल! लहानपणापासून ऐकलेलं, की ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. पुढं बाबा इथं आले तेव्हा त्यांना मुद्दाम तिथून नेलं, पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला जेमतेम स्पर्श करत. ते खाली उतरल्यावर एवढंच म्हणाले, "एसटी इथं लागणार नाही."

तुम्ही चिमनी बँक टाळा. भाड्याची अनोळखी गाडी, मागं आई-वडील, ऑगस्टची गर्दी; काही सिद्ध करायचं नाहीये. ऑटोमॅटिक घेणार असाल तर एक काम मात्र लीड्समध्येच करा: गिअर हातानं खाली कसा आणायचा ते शोधून ठेवा. कुठं 'एल' असतं, कुठं 'एम', कुठं स्टिअरिंगच्या मागं पट्ट्या. उतारावर हे शोधत बसू नका. आणि गाडी लहान घ्या. डिकी मोठी हवी म्हणून रुंद गाडी घेणाऱ्यांना मी खोऱ्यातल्या गल्लीत घाम पुसताना पाहिलंय.

एका गाडीपुरत्या रस्त्यांची रीत दोन ओळींत सांगते. कडेला थोडी रुंद केलेली जागा असते, पासिंग प्लेस. ती तुमच्या डावीकडे असेल तर आत शिरा, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर डावीकडेच थांबा, समोरचा तिच्यात शिरेल. चढणाऱ्याला शक्य तेव्हा आधी जाऊ द्यायचं, हे आपल्या घाटासारखंच. तिथं फोटोसाठी गाडी लावणं हा मात्र इथल्या शेतकऱ्याच्या लेखी गुन्हा आहे. जागा मिळाल्यावर समोरचा स्टिअरिंगवरून एक बोट वर करेल, तुम्हीही करा. सायकलवाल्याला मागं टाकताना दीड मीटर अंतर, घोडेस्वाराला दोन मीटर आणि ताशी दहा मैलांच्या आत.

कॅसलटन, डॅन्बी पटकन उरकतात. डॅन्बीचं उद्यान केंद्र लहान मुलं बरोबर असतील तर छान, नाहीतर तासभर वाचवा. ए-१७१ ला लागलात की वर्दळ वाढते आणि पुढं समुद्र दिसतो. ऑगस्टात व्हिटबीत गाडी घेऊन शिरणं म्हणजे रविवारी दुपारी लोणावळ्यात शिरणं. ए-१७१ वरच, गावाच्या अलीकडे, पार्क अँड राइड आहे. तिथं गाडी ठेवून बसनं जा.

जेवणाबद्दल एक सूचना, कुणी आधी सांगत नाही म्हणून. यॉर्कशायरमध्ये फिश अँड चिप्सची पुष्कळ दुकानं तळायला गोमांसाची चरबी वापरतात. नुसते बटाटेच आहेत म्हणून शाकाहारी समजू नका, आई-वडिलांना चालत नसेल तर "व्हेजिटेबल ऑइल का?" असं विचारूनच मागवा. गावातल्या जुन्या मठाच्या अवशेषांकडे जाणाऱ्या १९९ पायऱ्या सत्तरीच्या गुडघ्यांना सांगू नका. बंदरावर बाकावर बसून बोटी बघणं पुरेसं आहे.

व्हिटबीत हवा कशी आहे ते परतीआधी बघा. आत उन्हाचा दिवस असला तरी समुद्रावरून पांढरं धुकं आत येतं. थंड पाण्यावर उबदार हवा आली की ते धरतं. इथले लोक त्याला सी फ्रेट म्हणतात. ते मूरवर चढलं तर दहा मिनिटांत समोरचं दिसेनासं होतं. दृष्टी १०० मीटरच्या खाली गेली तर फॉग लाइट लावा, हाय बीम नको, तो धुक्यावरून तुमच्याच डोळ्यांत येतो. आणि पुन्हा तेच, नजर पोचेल तेवढीच गाडी.

आता ए-१६९. व्हिटबीहून निघालात की स्लाइट्स गावानंतर ब्लू बँक लागतो, २० टक्के चढ. उतरणाऱ्या बाजूला, ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांसाठी वाळू-खडी भरलेली खास वाट ठेवलेली दिसेल. फेरी या दिशेनं का, ते इथं कळतं: हा घाट तुम्हाला फक्त चढायचाय. दुसऱ्या गिअरमध्ये निवांत चढा. वर आलात की माळ पुन्हा सपाट पसरतो. उजवीकडे गोथलंडचा फाटा. सिनेमात दिसलेलं छोटं स्टेशन, वाफेच्या इंजिनाची गाडी. पिकरिंग ते ग्रोसमाँट १८ मैलांची ही लाइन १९७३ मध्ये पुन्हा सुरू झाली. मूळची १८३६ची, जॉर्ज स्टीफन्सननं आखलेली, तेव्हा डबे घोडे ओढायचे. वडिलांना गाडीत बसवायचं तर वेळापत्रक आधी बघा. नुसती बघायची असेल तर पुलावर उभं राहून इंजिन येताना बघण्यात जास्त मजा आहे.

परत हमरस्त्यावर आलात की डावीकडे माळावर एक फिकट रंगाचा, टोक छाटलेला पिरॅमिड दिसेल. फायलिंगडेल्सचा लष्करी रडार, क्षेपणास्त्रांची आगाऊ सूचना देणारा. १९६३ पासून तिथं तीन प्रचंड पांढरे गोळे होते. नव्वदीच्या सुरुवातीला ते जाऊन हा आला. इथल्या जुन्या माणसांना अजून गोळ्यांची आठवण येते.

मग सॉल्टरगेटचं तीव्र वळण, चढ, आणि चढ संपताच डावीकडे वाहनतळ. डावीकडे, म्हणजे समोरून येणारी वाहतूक कापावी लागत नाही. घड्याळाच्या दिशेचं हे दुसरं कारण. होल ऑफ हॉर्कम रस्त्याच्या पलीकडे आहे. गाडीतून उतरल्याच्या उत्साहात लोक थेट रस्त्यावर पाऊल टाकतात, आणि गाड्या ६०नं येत असतात. आई-वडिलांचा हात धरून ओलांडा. पलीकडे ४०० फूट खोल आणि पाऊण मैल रुंद वाडगा. वेड नावाच्या राक्षसानं बायकोवर रागावून मूठभर माती उपसून फेकली, तो हा खड्डा, अशी इथली दंतकथा. खरं काम झऱ्यांचं. पाणी वाळूच्या दगडातून झिरपतं, खालच्या चिकणमातीपाशी अडून बाहेर फुटतं, उताराचा पाया पोखरतं आणि वरचा कडा ढासळतो. हजारो वर्षं हे चाललंय, अजूनही चालू आहे. संध्याकाळी सहाच्या सुमाराला पोचलात तर सूर्य समोर, वाडग्याच्या पलीकडे उतरलेला असतो आणि प्रत्येक घडी सावलीनं कोरून निघते. दुपारी बारा वाजता हीच जागा सपाट दिसते. तिसरं कारण हे.

इथून पिकरिंग आठ-एक मैल, सगळा उतार, सगळा सोपा. तेवढ्यातही मेंढ्या रस्त्यावर असू शकतात, कारण एव्हाना डांबर तापलेलं असतं. ए-६४ वर यॉर्कच्या आसपास सुट्टीवरून परतणाऱ्यांची गर्दी लागेल, तेव्हा बहिणीला जेवणाची वेळ नऊ सांगा.

तुमचं भारतातलं लायसन्स पाहुणा म्हणून १२ महिने चालतं. गाडी भाड्यानं देणारे काही जण आंतरराष्ट्रीय परमिटही मागतात, बुकिंग करताना विचारून घ्या. टायर आणि काच विम्यात आहेत का तेही विचारा. मूरच्या रस्त्यांची डांबरी कड तुटलेली असते, आणि बिल नेमकं तिथंच येतं. आईंना गाडी लागत असेल तर ब्लेकी रिज आणि ए-१६९ वर त्यांना पुढं बसवा आणि काच दोन बोटं खाली ठेवा. आलेपाक पुण्याहूनच आणा, इथं मिळतो तो नुसताच गोड असतो.